आठवड्याची चित्रपट नोंदवही : पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहताना



"मॅडम, आमचं पोरगं एकच पिक्चर दहा दहा वेळा बघतंय. काय करावं?" पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी येतो. पूर्वी मी म्हणायचे, टीव्ही बंद करा. आता म्हणते, एक वही द्या आणि दर आठवड्याला त्यात लिहायला सांगा. ही वही कशी चालवायची आणि तिचा उपयोग काय, ते आज पाहू.

मुले तोच सिनेमा पुन्हा का पाहतात?

पहिल्यांदा पाहताना मुलाचे सगळे लक्ष "पुढे काय होणार?" यातच असते. दुसऱ्यांदा गोष्ट माहीत असते, त्यामुळे बाकीचे दिसू लागते: माणसांचे चेहरे, घर, बोलीतले शब्द, एखादी न बोललेली गोष्ट. आपण वर्गात एकच धडा पुन्हा वाचून घेतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की सिनेमा मुले स्वतःहून पुन्हा पाहतात.

वहीत काय लिहायचे?

एका सिनेमाला एक पान. त्यावर एवढेच रकाने :

१. तारीख, सिनेमाचे नाव, वर्ष आणि दिग्दर्शक
२. कोणासोबत पाहिला?
३. पहिल्यांदा की पुन्हा? कितव्यांदा?
४. लक्षात राहिलेला एक प्रसंग (दोन-तीन वाक्ये)
५. एक नवीन शब्द
६. पुन्हा पाहिला असेल तर : या वेळी नवीन काय दिसले?

सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरताना जुने पान उघडायचे नाही. आधी नवी नोंद लिहायची, मग जुनी काढून शेजारी ठेवायची. जुनी नोंद खोडायची नाही. तेव्हा जे वाटले तेही खरेच होते.

एक उदाहरण घेऊ. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा माजिद मजिदी यांचा १९९७ चा इराणी सिनेमा. बहिणीचे बूट हरवतात म्हणून भाऊ-बहीण एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात, पण अली पहिला येतो. पहिल्या वेळी माझ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि वहीत "अली जिंकला" असे लिहिले. दुसऱ्या वेळी एका मुलीने लिहिले, "सगळे त्याचे फोटो काढतात पण तो खूश नाही, कारण त्याला तिसरा नंबर पाहिजे होता." आकलन म्हणजे आणखी वेगळे काय असते?

माझी चूक

आता जरा प्रांजळपणे सांगते. सुरुवातीला मी या वह्या लाल पेनाने तपासत होते. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, सगळे. दोन महिन्यांत नोंदी आखूड झाल्या. एक मुलगा तर फक्त "छान होता" एवढेच लिहू लागला. 'टिंग्या' पाहिल्यावरही त्याने लिहिले, "बैल छान होता." मी खाली शेरा मारला, "अजून लिही."

'टिंग्या' हा मंगेश हाडवळे यांचा २००८ चा सिनेमा. बैल पायाने अधू होतो, घरावर कर्ज असते, वडिलांना बैल विकावा लागणार असतो आणि लहानग्या टिंग्याला ते मान्य नसते. पुढे त्या मुलाच्या घरची गाय खरोखरच विकली गेली. तो तीन-चार दिवस शाळेत गप्प गप्प होता. मी कारण विचारले नाही. तोपर्यंत मी लाल पेन मात्र बंद केले होते. त्या आठवड्यात मुलांनी 'टिंग्या' पुन्हा लावायला सांगितला. सोमवारी त्याच्या वहीत ओळी होत्या : "टिंग्याच्या बाबांना पण बैल विकायचा नव्हता. मागच्या वेळी मला ते वाईट वाटले होते. ते वाईट नाहीत."

त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी एकही खूण केली नाही. नंतर त्याला विचारले, "हे वर्गात वाचू का?" तो म्हणाला, "नको मॅडम." मी वाचले नाही. इथेही त्याचे नाव देत नाही. या तीन ओळी मात्र त्याला विचारूनच दिल्या आहेत. आधीचे "बैल छान होता" शेजारी असल्यामुळेच त्याला आणि मला कळले की मधल्या काळात तो किती पुढे आला.

शिक्षकांसाठी

• वहीला गुण देऊ नका. शुद्धलेखनाचा सराव वेगळा घ्या.
• सोमवारी परिपाठानंतर दहा मिनिटे पुरतात.
• वर्गात वाचण्याआधी मुलाची परवानगी घ्या.
• दर आठवड्याला नवा सिनेमा नकोच. महिन्यातून एक जुना पुन्हा दाखवा.

पालकांसाठी

• मुलासोबत बसा आणि तुमचीही एक ओळ लिहा. मुलाला ती वाचायला फार आवडते.
• सिनेमाचे प्रमाणपत्र पाहा. २०२४ पासून 'यूए'मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे गट आहेत.
• सुरुवातीला 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) चांगला. पंढरपूरची दोन भावंडे आणि त्यांची सायकल मुलांना लगेच आपली वाटते.
• आजी-आजोबांसोबत 'श्यामची आई' (१९५३) पाहा. त्यांनी लहानपणी पाहिला असेल तर त्यांनाच विचारा, तेव्हा काय वाटले होते? तीही एक नोंदच.

वही महागडी नको, मागच्या वर्षीच्या वहीची कोरी पाने चालतात. पण वर्ष संपले की ती रद्दीत घालू नका. मूल पाचवी-सहावीत गेल्यावर तोच सिनेमा पुन्हा लावा, नवी नोंद लिहू द्या आणि मगच जुने पान त्याच्यासमोर उघडा.

तुमच्या वर्गात किंवा घरी करून पाहा आणि अनुभव जरूर कळवा.