मुलाखतीत 'मी' म्हणायला शिकूया



मागच्या महिन्यात आपल्या प्रभागात सीआरपीच्या, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्तीच्या मुलाखती झाल्या. मी समितीत नव्हते. माझं काम बाहेर हजेरी घ्यायचं आणि एकेकीला आत सोडायचं. पण दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. एका ताईंना पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही काय करता?" ताई म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते."

मी बाहेर कपाळाला हात लावला. या ताई चार वर्षांपासून गटाची पुस्तकं लिहितात. शेजारच्या दोन गटांच्या सचिव हिशोबात अडल्या की यांच्याकडेच येतात. गटाचं कर्ज अडकलं तेव्हा बँकेत मॅनेजर साहेबांशी बोलायला याच गेल्या होत्या. यातलं एक अक्षर त्या आत बोलल्या नाहीत. समितीतल्या लोकांपुढे गुणांचा तक्ता असतो. तुम्ही जे बोलता, जे दाखवता, त्याचेच गुण त्यात पडतात. न बोललेलं त्यांना कळणार कसं? ताईंची निवड झाली नाही. जाताना मला म्हणाल्या, "मॅडम, मला सगळं येत होतं हो." ते मलाही माहीत होतं. म्हणून हा लेख.

सीआरपी असो, बँक सखी, कृषी सखी, पशु सखी असो, नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात किंवा दुकानात नोकरी असो, पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: स्वतःबद्दल सांगा. आपण नाव-गाव सांगतो, मुलं किती ते सांगतो आणि थांबतो. त्यांना तुमचं काम ऐकायचं असतं. नाव, गाव, शिक्षण एका वाक्यात संपवा आणि कामाकडे वळा. "मी आमच्या गटाची सचिव आहे. दर आठवड्याची बैठक मी घेते, इतिवृत्त मी लिहिते. आमच्या गटात ११ जणी आहेत, एकीचाही हप्ता थकलेला नाही." एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो, आणि समोरचा पेन उचलतो.

इथे आपली एक सवय आड येते. आपण सगळ्या 'आम्ही' म्हणतो. "आम्ही बँकेत गेलो, आम्ही मसाला विकला." गटात हे चांगलंच आहे, गट त्यावरच चालतो. पण मुलाखतीत समोरच्याला कळत नाही की त्या 'आम्ही'मध्ये तुम्ही नेमकं काय केलं. मसाल्याचा भाव कोणी ठरवला? दुकानदाराशी कोण बोललं? तुम्ही बोलला असाल तर "मी बोलले" म्हणा. त्यात मोठेपणा मिरवणं नाही. जे केलं नाही ते मात्र सांगू नका, पुढच्याच प्रश्नात पकडलं जातं.

दुसरा शब्द 'नुसतं'. "मी नुसती दहावी आहे." अहो, दहावी आहात ना, मग दहावी म्हणा! 'नुसती' हा शब्द तुम्ही स्वतःच स्वतःचे गुण कापायला वापरताय.

भाषेची भीती तर खूपच जणींना असते. पुस्तकातलं बोलायला जातात आणि अर्ध्यावर अडकतात. 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं म्हणून सीआरपीच्या कामात काही बिघडत नाही. उलट गावातल्या बायकांशी तुम्हाला त्यांच्याच बोलीत बोलायचं आहे. हळू बोला, वाक्य पूर्ण करा, समोर बघा. एकटक बघायला जमत नसेल तर कपाळाकडे बघा, मी अजूनही तेच करते.

कामाचे प्रश्नही येतात. दशसूत्री पाठ हवी, पण नुसती पोपटपंची नको. "नियमित बचत का?" असं विचारलं तर तुमच्या गटात कोणाची अडचण त्या बचतीतून कशी सुटली ते सांगा. हिशोबही विचारतात. ५,००० रुपये महिना २ टक्क्यांनी दिले तर पहिल्या महिन्याचं व्याज १०० रुपये. त्यातले १,००० मुद्दल परत आले की पुढच्या महिन्याचं व्याज ४,००० वर, म्हणजे ८०. हे तुम्ही दर बैठकीत करता, तिथे मात्र घाम फुटतो. कागद-पेन मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. आणि एखादं येतच नसेल तर "हे मला माहीत नाही, शिकून घेईन" म्हणा. एमएसडब्ल्यू झाल्यावर माझ्या पहिल्या मुलाखतीत मी एका योजनेबद्दल ठोकून दिलं होतं. साहेबांनी शांतपणे आणखी दोन प्रश्न विचारले. ती नोकरी मला मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

मग येतो सगळ्यात अवघड प्रश्न: "फिरती जमेल का? लहान मूल आहे, घरचे सोडतील का?" मला विचाराल तर हा प्रश्न बायकांनाच का विचारतात, याचा राग येतो. पण येतो हे खरं आहे, तर उत्तर तयार ठेवा. "बघते, विचारून सांगते" म्हटलं की तिथेच गाडी थांबते. घरी आधीच बोलून घ्या. मुलाला कोण सांभाळेल, गावाला एसटी किती वाजता आहे, परत कधी येता येईल, हे ठरवून जा आणि तसंच सांगा. घरचं कोणी सोबत आलं तर चालेल, पण त्यांना बाहेर बसवा. मागे एका ताईंच्या प्रत्येक प्रश्नाला दारातून त्यांचे मालकच उत्तर देत होते!

कागदपत्रांची पिशवी आदल्या दिवशीच भरा: आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पासबुक, मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, ही आपल्यातल्या बहुतेकींची अडचण. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलेलं असेल तर ते सोबत घ्या. नसेल तर ग्रामपंचायतीत आजच चौकशी करा, ऐन वेळी ते हातात येत नाही. गटाचं एखादं रजिस्टर तुमच्या अक्षरातलं असेल तर गटाला विचारून तेही न्या. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

साडी नवीच हवी असं काही नाही. रोजच्या वापरातली, धुतलेली, इस्त्रीची, जिच्यात पदर सारखा सावरावा लागत नाही अशी.

आणि हो, मुलाखतीसाठी किंवा निवडीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. लगेच ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंना किंवा मला सांगा.

पुढच्या महिन्यात बँक सखीसाठी अर्ज सुटणार आहेत. त्याआधी प्रत्येक गटाने एका बैठकीत शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. एकीने साहेब व्हायचं, एकीने उमेदवार, बाकीच्यांनी ऐकायचं आणि हसायचं नाही (थोडं चालेल). "तुम्ही काय करता?" इथूनच सुरुवात करा. वर सांगितलेल्या ताईंनी पुन्हा अर्ज करायचं ठरवलंय, आणि त्यांच्या गटाच्या बैठकीत येत्या मंगळवारी साहेब मी होणार आहे.