बाहेर जांभा, आत सोनं

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत पाऊल टाकलं की नजर थेट समोरच्या सोनेरी वेदीवर जाते. बांधणीच तशी आहे. मध्ये खांबांच्या रांगा नाहीत; एकच उंच, लांबलचक दालन आणि बहुतांशी साध्या भिंती. सगळी श्रीमंती राखून ठेवली आहे ती शेवटच्या भिंतीसाठी.

जेझुइटांनी 1594 मध्ये काम सुरू केलं, 1605 मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. पैसा आला कोचीचा पोर्तुगीज कप्तान जेरोनिमो मस्कारेन्यश याच्या मृत्युपत्रातून. दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून आणलेला.

वेदीपुढे मात्र वेळ काढून उभं राहावं. सोन्याच्या मुलाम्यात न्हालेल्या कोरीव लाकडाच्या मधोमध जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आहे, तिच्या खाली लहानसा बाळ येशू. ज्याच्या नावाचं हे चर्च, तोच एवढासा कसा? पण इग्नेशियस वर पाहत आहेत. त्यांच्या नजरेमागून आपली नजरही चढते आणि येशूच्या नामाक्षरांच्या तेजोवलयापाशी पोचते. त्याहून वर पवित्र त्रैक्य. पाहणाऱ्याला असं हलवणं, हेच बरोक कलेचं बळ.

उजवीकडे संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने हा रंगीत संगमरवरी चौथरा भेट दिला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोगिनी याने तो घडवला, ब्राँझच्या फलकांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग उठवले. 1698 मध्ये तो इथे उभारला गेला. पण त्याच्या माथ्यावरची चांदीची पेटी त्याहून साठ वर्षांनी जुनी, गोव्याच्या कारागिरांनी 1636-37 मध्ये घडवलेली. म्हणजे युरोपातल्या नामांकित हातांनी जे केलं, ते गोव्याच्या चांदीकामाला आधार म्हणून. त्या कारागिरांची नावं समाधीपाशी उभ्या राहणाऱ्या कुणाच्या ओठी नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत झेवियर यांच्या, दर्शनाला येणारा प्रत्येक जण मान वर करून पाहतो, ती त्यांचीच कामगिरी.

या सगळ्याला जपणाऱ्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. 1950च्या दशकात त्यांवरचा चुन्याचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून कोकणपट्टीचा पाऊस त्या उघड्यावर झेलत आहेत. गिलावा परत चढवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. लाल भिंती हीच बासिलिकेची ओळख, असं म्हणणारे आहेत. पण ती ओळख सत्तरेक वर्षांची. त्याआधीची जवळजवळ साडेतीनशे वर्षं ही वास्तू गिलाव्यातच उभी होती.