भूक आणि वजन

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पातूर मागें टाकलें कीं डोंगराळ मुलूख लागतो आणि पुढें मेडशी हें गांव येतें. वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्याचें हें गांव. वऱ्हाडांतील इतर गांवांप्रमाणें येथेंहि पंधरवड्याची एकादशी घरोघर ओळखीची. त्या दिवशीं चूल पेटते ती साबुदाण्याच्या उसळीसाठीं किंवा भगरीसाठीं. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत हाच उपवास अलीकडे आणखी एका हेतूनें होऊं लागला आहे. देवासाठीं एक दिवस आणि वजनासाठीं चार दिवस, असा तो हिशेब असतो. या हिशेबाच्या मुळाशीं एक समजूत आहे. पोट भुकेनें कळवळलें म्हणजे अंगावरील चरबी वितळत आहे, आणि भूक जितकी अधिक तितकें वजन कमी होणार, ही ती समजूत. ती इतकी स्वाभाविक वाटते कीं, तपासून पाहण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तपासली असतां मात्र ती टिकत नाहीं.

आधीं एकादशीचाच हिशेब पाहावा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानें केली त्याला उष्णांकांचें शास्त्र ठाऊक नसेल, परंतु त्याचें निरीक्षण अचूक होतें. ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, मूठभर शेंगदाण्याचें कूट आणि तीन लहान चमचे तूप एवढ्यांत साडेपांचशें उष्णांक सहज भरतात. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर तुरीचें वरण आणि पालेभाजी यांचें मोलहि जवळ जवळ तेवढेंच. फरक पडतो तो पुढें. साबुदाणा म्हणजे बहुतांशीं निव्वळ पिष्ट. त्यांत प्रथिनें नांवापुरतीं आणि चोथाहि तसाच. भाकरी-वरणांत दोन्ही आहेत, आणि पोट अधिक वेळ शांत ठेवण्याचें काम तींच करतात. म्हणून दुपारीं उसळ खाल्लेल्या माणसाला चार वाजतां पुन्हां कांहींतरी हवेसें वाटतें; मग केळें येतें, बटाट्याचे वेफर येतात, राजगिऱ्याचा लाडू येतो. त्या दिवशीं भूकहि अधिक लागली आणि खाणेंहि अधिक झालें.

जो मनुष्य खरोखरीच निराहार राहतो त्याची गोष्ट निराळी. परंतु त्याचीहि वजनकाट्यावर फसगत होते. दिवसाला दोन हजार उष्णांक खर्च करणाऱ्याचा तो सारा खर्च चरबीतूनच भागला असें क्षणभर धरलें, तरी एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्णांक असल्यामुळें, दिवसाकांठीं पाव किलोच्या वर चरबी जाणार नाहीं. काटा मात्र किलो-दीड किलोचा फरक दाखवितो. हें वजन पाण्याचें. यकृतांत आणि स्नायूंत ग्लायकोजेन नांवाचा साखरेचा सांठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी धरलेलें असतें. सांठा वापरला गेला कीं पाणीहि जातें, आणि पारण्याचें जेवण अंगीं लागलें कीं दोन्ही परत येतात.

मग भूक सांगते तरी काय? १९१२ सालीं हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनीं आपला विद्यार्थी वॉशबर्न याला एक रबरी फुगा गिळावयास लावला. फुगा जठरांत राहिला आणि त्याला जोडलेल्या नळीवरून जठराच्या हालचालींची नोंद होऊं लागली. जठर आंवळे तेव्हां वॉशबर्नला भूक लागल्याचें जाणवे. एवढ्यावरून भूक म्हणजे रिकाम्या पोटाची हांक असें ठरलें असतें. परंतु बारा वाजतां लागलेली भूक न जेवतांच दीडच्या सुमारास आपोआप मावळते, याचा उलगडा त्यांत नव्हता. तो होण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जपानांतील कोजिमा आणि कंगावा यांनीं जठरांतून स्रवणारें ग्रेलिन हें द्रव्य शोधून काढलें. रोजच्या जेवणाची वेळ जवळ आली कीं रक्तांत तें वाढतें, आणि जेवण मिळालें नाहीं तरी कांहीं वेळानें उतरतें. शाळेची घंटा वाजावी तशी ही भूक वाजते. मुलें वर्गांत आहेत कीं नाहींत हें घंटेला ठाऊक नसतें.

मेडशीच्याच तालुक्यांत शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें प्रसिद्ध जैन तीर्थ आहे. जैन समाजांत पर्युषणाच्या दिवसांत आठ दिवसांचा अठ्ठाई उपवास करण्याची रीत आहे. त्यांत अन्न पूर्ण वर्ज्य. केवळ उकळलेलें पाणी, तेंहि दिवसाउजेडीं. असे उपवास करणारे बहुधा सांगतात कीं, पहिले दोन-तीन दिवस जड जातात आणि मग भूक ओसरते. तपाचें बळ हें ज्याच्या त्याच्या श्रद्धेचें क्षेत्र. शरीरशास्त्राला दिसतें तें असें कीं, साखरेचा सांठा संपल्यावर यकृत चरबीपासून कीटोन द्रव्यें तयार करूं लागतें, मेंदू त्यांवर काम चालवितो आणि भूक बोथट होते. म्हणजे चरबी वेगानें जळते ते दिवस तीव्र भुकेचे नसतातच! अर्थात् चरबीबरोबर स्नायूहि झिजतात. म्हणून तपस्व्याचा हा मार्ग वजनासाठीं कोणीं धरूं नये, आणि मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें तर डॉक्टरांना विचारल्यावांचून साधा उपवासहि करूं नये.

भुकेचा आणि वजनाचा खरा संबंध आहे तो उलट दिशेनें. भुकेमुळें वजन घटतें असें नसून, घटलेल्या वजनामुळें भूक वाढते. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत लेप्टिनचा शोध लागला. हें द्रव्य चरबीच्या पेशींतून निघतें आणि सांठा किती शिल्लक आहे हें मेंदूला कळवितें. चरबी कमी झाली कीं तें घटतें, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा घेतो. हा दुष्काळ कसा असतो तें त्याआधीं अर्धें शतक मिनेसोटा विद्यापीठांत दिसलें होतें. १९४४-४५ सालीं आन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, २४ आठवडे अर्धपोटीं ठेवलें. वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. ते तरुण पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले, ताटल्या चाटूं लागले. अन्नाखेरीज त्यांना दुसरा विषय सुचेना. पुढें भरपूर खावयास मिळूं लागल्यावरहि त्यांची भूक लवकर शमली नाहीं. मेलबोर्न येथें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत सरासरी साडेतेरा किलो वजन उतरविलेल्या स्थूल माणसांत, वर्ष उलटल्यावरहि भूक आणि ग्रेलिन वाढलेलेंच आढळलें.

या मागणीचें मापहि निघालें आहे. मधुमेहावरील एका औषधानें रक्तांतील साखर मूत्रावाटे बाहेर जाते. रुग्णाला त्याची जाणीव होत नाहीं, वजन मात्र उतरतें. अशा रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ सालीं असें अनुमान निघालें कीं, एक किलो वजन घटलें म्हणजे भूक दिवसाला सुमारें १०० उष्णांकांनीं वाढते. पांच किलो उतरविणाऱ्याचें शरीर रोज वर एक ताटभर उसळ मागत असतें. पुन्हां वजन वाढलेल्या माणसाला जिभेवर ताबा नसल्याचा दोष देणारांनीं हा आंकडा ध्यानांत धरावा. भूक मंद करणाऱ्या सेमाग्लुटाइड या नव्या औषधानें ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटतें. औषध थांबविल्यावर वर्षभरांत त्यांतलें दोनतृतीयांश परत आल्याचें दिसलें.

महाराष्ट्रांत या विषयाची मोठी चर्चा झाली ती नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या विचारामुळें. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं तो पुढें घरोघर पोंचविला. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्या, त्याच वेळीं ५५ मिनिटांच्या आंत जेवावें, मधल्या वेळांत खाऊं नये, असा तो नियम. प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवतें व चरबी सुटूं देत नाहीं, अशी त्याची उपपत्ति. ती सर्वांना मान्य नाहीं. चीनमध्यें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चांचणींत, सारख्याच मापाचा कमी आहार घेणाऱ्या दोन गटांपैकीं एकाला आठ तासांच्या आंतच खावयाचें बंधन होतें. दोहोंच्या वजनांत महत्त्वाचा फरक निघाला नाहीं. तरी नियमाचा पहिला भाग मोलाचा आहे. घंटेची भूक, चिवड्याचा डबा दिसल्यामुळें लागलेली भूक आणि खरी भूक यांतला भेद बहुतेक घरांत कोणी पाहतच नाहीं. आणि मधलें खाणें बंद झालें कीं एकंदर खाणें पुष्कळांचें घटतें.

शेवटीं एका धोक्याची गोष्ट. कोणताहि प्रयत्न न करतां सहा महिने ते वर्षभरांत वजनाचा विसावा हिस्सा उतरला, तर त्याचें अभिनंदन करूं नये; डॉक्टरांकडे जावें. भूक भरपूर, तहान भरपूर, लघवी वारंवार आणि तरी खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, हें मधुमेहाचें जुनें लक्षण आहे. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि अतिरेकानें काम करूं लागली तरीहि भूक वाढून वजन घटतें. क्षयांत भूकच मरते आणि अंग वाळतें. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठीं सरकारी आरोग्यकेंद्रांत बेडका विनामूल्य तपासतात. निदान झाल्यावर दर महिन्याला रुग्णाचें वजन करतात, कारण औषधें लागू पडूं लागलीं कीं बहुधा आधीं भूक परत येते आणि तिच्यामागून वजन.