खटला की वळण?

बाजारपेठेत दुकानासमोर उभी केलेली सायकल १५ वर्षांच्या एका मुलाने पळवली आणि पुढच्याच चौकात तो पकडला गेला, असे समजा. भोवती घोळका जमतो. कोणी म्हणतो, 'दोन ठेवून द्या, जन्माची अद्दल घडेल.' कोणी म्हणतो, 'पोलिसांत द्या.' एखादे वयस्क गृहस्थ पुढे होऊन म्हणतात, 'जाऊ द्या हो, पोर आहे!' मारणे, कोर्टात खेचणे आणि सोडून देणे, एवढे तीनच मार्ग आपणांस सहसा सुचतात. चौथाही एक मार्ग आहे आणि तो आपल्या देशाच्या कायद्यात लिहिलेला आहे. त्याची ओळख येथे करून द्यावी, असा आमचा हेतू आहे.

या मार्गाला 'वळण' या शब्दाइतके समर्पक नाव आम्हांस सापडत नाही. रस्त्याला वळण असते आणि मुलाला वळण लावायचे असते. खटल्याकडे जाणाऱ्या वाटेवरून मुलाला बाजूला वळवणे आणि मग त्याला वळण लावणे, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. पहिली केली आणि दुसरी राहिली, तर ते नुसते सोडून देणे झाले.

ही कल्पना कालपरवाची नव्हे. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलास एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय १८५० सालच्या कायद्यातच होती. पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली गेलेली मुंबईची सुधारशाळा १८५७ ची. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ साली मुलांचे स्वतंत्र न्यायालय निघाले आणि १९२४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही तशी तरतूद झाली. मुलाला मोठ्या गुन्हेगारांपासून दूर ठेवावे, हा या सर्वांमागचा विचार. त्यातून पुढचा प्रश्न निघाला : लहानशा अपराधासाठी मुलाला न्यायासनासमोर तरी का उभे करावे? मुलाचे व समाजाचे हित सांभाळून, न्यायालयीन कारवाईवाचून मार्ग काढण्यास उत्तेजन द्यावे, हे तत्त्व २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमात नमूद आहे.

आता आपल्या सायकलच्या प्रकरणात काय होते ते पाहू. ज्या गुन्ह्यास जास्तीत जास्त ३ वर्षांची कैद आहे, तो या कायद्याने किरकोळ ठरतो. साधी चोरी त्यात मोडते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे अशा मुलावर एफ.आय.आर. नोंदवायचा नाही. पोलीस ठाण्यातील बाल कल्याण अधिकारी दैनंदिनीत नोंद करतो आणि मुलाचे घर, शाळा व परिस्थिती यांची माहिती लिहून बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत. मंडळावर एक मॅजिस्ट्रेट व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत निदान एक स्त्री असावी लागते. चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर २ महिने वाढवून मिळतात. तेवढ्यातही किरकोळ प्रकरण निकाली निघाले नाही, तर ते तेथेच संपते.

दोष शाबीत झाला तर मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, त्याला व पालकांना समुपदेशनास बोलावू शकते किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. १४ वर्षांवरील मुलाला बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत अशी कामेही देता येतात. पुढील आयुष्यात या प्रसंगामुळे त्याला कसलीही अपात्रता येऊ नये, अशी कायद्याची आज्ञा आहे.

हे सारे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. खटल्यात वकील बोलतात, तारखा पडतात आणि मुलगा बाकावर बसून 'मी केले नाही' एवढेच म्हणायला शिकतो. वळणाच्या मार्गात त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते आणि स्वतःच्या हातांनी भरून द्यावे लागते. शिवाय, कपाळावर एकदा 'चोर' असे लिहिले गेले की शाळा दुरावते, शेजारच्या आया आपापली मुले आत बोलावून घेतात आणि शेवटी चोरांचीच संगत काय ती उरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याची सायकल गेली, त्याचे काय? तो पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा असेल, तर त्याची भाकरीच गेली! या प्रश्नाचा चांगला विचार न्यूझीलंडने केला आहे. माओरी लोकांच्या कुटुंबपद्धतीचे भान ठेवून तेथे १९८९ साली कायदा झाला. त्यात मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो, यांची एकत्र बैठक भरवण्याची योजना आहे. झालेले नुकसान मुलाने समोरासमोर ऐकायचे आणि भरपाई कशी करायची, हे सर्वांनी मिळून ठरवायचे.

तिसरा धोका आम्हीच सांगून ठेवतो. भले करण्याच्या उत्साहात न्याय विसरला जातो. १९६४ साली अमेरिकेतील ॲरिझोनात १५ वर्षांच्या गेरल्ड गॉल्ट याला, टेलिफोनवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून, वयाची २१ वर्षे पुरी होईपर्यंत सुधारगृहात धाडण्यात आले. प्रौढ माणसाला त्याच गुन्ह्यास ५० डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर २ महिने कैद झाली असती! मुलालाही आरोपाची सूचना, वकील व बचाव यांचा हक्क आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरवले. म्हणून ज्याने केलेच नाही त्याला वळण लावायला कोणी जाऊ नये. तसेच हा मार्ग प्रत्येक अपराधासाठीही नाही. १६ वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक परीक्षणानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

शेवटी गोष्ट येते ती आपल्यापाशी. पकडलेल्या मुलाचे छायाचित्र आज मोबाइलवरून तासाभरात गावभर फिरते. मुलाची ओळख अशी उघड करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सायकल पळवणाऱ्या मुलाहून अधिक मोठा अपराध घोळक्यातला सभ्य गृहस्थ खिशातल्या यंत्राने करून बसतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मंडळ काम नेमून देईल. पण ते करायला बाग, रुग्णालय, वाचनालय गावाचेच लागते. १८५० च्या कायद्यालाही मुलगा ठेवून घेणारा कारागीर लागत होताच. सायकल पळवणारा हा मुलगा उद्या आपल्या दुकानी काम शिकायला आला, तर आपण त्याला आत घेणार की गल्ल्याला कुलूप लावून दारातूनच परत पाठवणार? कायद्याने रस्त्याला वळण दिले आहे. पुढे घरे आपली आहेत, आणि त्यांची दारे उघडणे आपल्याच हाती आहे.