सॅम्पल फ्लॅट आवडला, आता टोकनचा चेक द्यायचा? आधी हा हिशोब समजून घ्या

पाडवा किंवा दसरा जवळ आला की पुण्या-ठाण्याच्या रस्त्यांवर होर्डिंग झळकायला लागतात. पार्किंग फ्री, मॉड्युलर किचन फ्री, अमुक इतक्या हजारांत बुकिंग. रविवारी साइटवर जावं तर चकचकीत सॅम्पल फ्लॅट, हातात कॉफी आणि वर "सर, या रेटला शेवटचे दोनच उरलेत." नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि चेकवर सही होते.

पण ज्या घरासाठी ही सही होते, ते घर त्या दिवशी अस्तित्वातच नसतं. पैसे आज द्यायचे आणि घर तीन-चार वर्षांनी मिळणार. पहिल्यांदा घर घेणारे अडकतात ते याच मधल्या काळात. भाडंही सुरू, हप्ताही सुरू आणि ताब्याचा पत्ता नाही.

यावर कायद्याने जे उपाय केलेत, त्यांचं सार सोपं आहे. आपले पैसे कागदाच्या पुढे पळता कामा नयेत आणि बांधकामाच्याही पुढे पळता कामा नयेत.

सगळ्यात आधी काय बघायचं?

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. त्याहून मोठ्या प्रकल्पाची जाहिरात किंवा बुकिंग महारेरा नोंदणीशिवाय करता येत नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणंही बंधनकारक झालंय. तो स्कॅन केला की मंजुऱ्या, जमिनीवरचं कर्ज, कोर्टातले दावे आणि प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख अशी माहिती मिळते.

ही तारीख नीट बघा. सेल्स ऑफिसमध्ये सांगतात "पुढच्या दिवाळीत ताबा" आणि महारेराच्या साइटवर त्यानंतर दोन वर्षांची तारीख असते, असं होऊ शकतं. उशीर झाल्यावर तोंडी सांगितलेली तारीख उपयोगाची नसते. करारनाम्यात लिहिलेली तारीखच मोजली जाते.

१० टक्क्यांची रेघ

नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटसाठी जास्तीत जास्त ६ लाख. "अ‍ॅग्रीमेंट नंतर करू, आत्ता २० टक्के भरून रेट लॉक करा" असं कुणी म्हणालं, तर तो नियमभंग आहे.

करारनाम्यात कार्पेट एरिया लिहिलेला असायला हवा. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. सुपर बिल्टअपचा मोठा आकडा ऐकून खूश होऊ नका, भाव कार्पेटवर काढून बघा.

पुढचे पैसे कधी द्यायचे?

महाराष्ट्राच्या नियमांमधल्या नमुना करारनाम्यात याचे टप्पे दिलेत. करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत. त्यानंतर भिंती, प्लास्टर, प्लंबिंग, लिफ्ट अशा कामांप्रमाणे ९५ टक्क्यांपर्यंत. उरलेले ५ टक्के ताबा घेताना, तेही ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर.

या पैशांपैकी ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठीच वापरायचे असतात. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्याशिवाय ते काढता येत नाहीत. तुमच्या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली जाऊ नये, म्हणून ही तरतूद.

आता "आत्ता २० टक्के भरा, बाकी ताब्याच्या वेळी" ही ऑफर. ऐकायला मस्त वाटते. पण अशा काही योजनांमध्ये मधले ८० टक्के बँक तुमच्या नावावरच्या कर्जातून बिल्डरला आधीच देऊन टाकते आणि ठरावीक काळ व्याज बिल्डर भरतो. त्याने भरणं थांबवलं, तर बँक तुमच्या दारात येते. पैसे बांधकामाच्या पुढे पळाले ते असे. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की गृहकर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच द्यावी.

खिशातून नक्की किती जाणार?

पुणे महापालिका हद्दीतला ६० लाखांचा फ्लॅट धरू. ५ टक्के दराने जीएसटी ३ लाख, ७ टक्के दराने स्टॅम्प ड्युटी ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. म्हणजे ६० लाखांचं घर साडेसदुसष्ट लाखांना पडलं. सोसायटी आणि मेंटेनन्सचे पैसे वेगळे.

३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरली जात नाही. म्हणजे कर्ज ४८ लाख आणि स्वतःचे साडेएकोणीस लाख. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला, तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते. इथे ६० हजार वाचतात.

शिवाय दर महिन्याचा भार. कर्जातले २४ लाख उचलले गेले असतील आणि व्याजदर साडेआठ टक्के धरला, तर नुसतं व्याज महिन्याला १७ हजार. त्यावर चालू घराचं भाडं. ताबा एक वर्ष लांबला, तर हे दुहेरी ओझं किती महिने पेलेल? बुकिंगच्या आधी घरात बसून याचं उत्तर काढायला हवं.

ताबा लांबलाच तर?

कलम १८ नुसार दोन रस्ते आहेत. बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागायचे किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के असा आहे. तुम्ही हप्ता थकवला, तर तुम्हालाही हाच दर लागतो. पैसे परत मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स खटल्यात सांगितलंय.

मात्र आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यात फरक आहे. बिल्डरने आदेश पाळला नाही, तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते आणि त्यात वेळ जातो. म्हणून भांडायची वेळ येण्याआधीच पैसे जपून सोडलेले बरे.

ओसी नसताना "फर्निचरचं काम सुरू करा" म्हणून किल्ली मिळाली, तरी शेवटचे ५ टक्के लगेच सोडू नका. ओसी आल्यावरच ते द्या. आणि ताब्यानंतरही पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.