थ्री नॉट थ्रीचे घराणे

पोलीस चौकीवरच्या शिपायाच्या खांद्याला लाकडी दस्त्याची जी लांबट बंदूक आपण वर्षानुवर्षे पाहिली, तिचे नाव ‘थ्री नॉट थ्री’. नळीचा व्यास इंचाच्या ३०३ सहस्रांश, म्हणून हा आकडा. १८५७ साली जिच्या काडतुसांवरून वणवा पेटला ती एन्फील्ड वेगळी; तिच्यात दारू नि गोळी तोंडातून ठासावी लागे. गाव मात्र तेच, लंडनजवळचे एन्फील्ड. (‘काडतूस’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, हे जाता जाता सांगतो, मराठीच्या मास्तराला एवढी मुभा असावी!)

या घराण्याचा मूळपुरुष जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडातले, कर्तृत्व अमेरिकेतले. त्याचा बोल्ट चटकन मागेपुढे होई आणि खाली काडतुसांची पेटी असे. १८८८ साली ब्रिटिश फौजेने तो स्वीकारला व त्याला विल्यम मेटफर्डची नळी जोडली. या नळीतील मळसूत्री खाचा मुद्दाम उथळ ठेवल्या होत्या, कारण काळ्या दारूची काजळी खोल खाचांत साचते. पण लवकरच बिनधुराची कॉर्डाइट दारू आली. तिची आच एवढी की उथळ खाचा झिजून जाऊ लागल्या. एक अडचण सोडवावी, तो दुसरी दारात उभी! अखेर १८९५ साली एन्फील्डने खोल खाचांची नळी दिली आणि ली-एन्फील्ड जन्मली.

बोअर युद्धात शत्रूच्या माउझर बंदुकीत पाच काडतुसे एका पट्टीने झटक्यात भरली जात. इंग्रज शिपाई एकेक भरीत बसे. तो धडा घेऊन १९०३च्या सुमारास पायदळ व घोडदळ दोघांनाही चालेल अशी आखूड रायफल निघाली. तज्ज्ञांनी नाके मुरडली. तिच्या जागी माउझरच्या धर्तीची नवी रायफल आणण्याची तयारीही झाली; तेवढ्यात १९१४चे महायुद्ध पेटले नि बेत बारगळला. मग याच नावडतीने रणांगण गाजवले. पेटीत दहा काडतुसे, आणि कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी.

आपल्या शिपायांची कथा निराळी. सत्तावननंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा मागच्या पिढीचे हत्यार द्यावयाचे, हे सरकारी धोरण. १९१४ साली हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात उतरली, तेव्हा कुठे नवी रायफल त्यांना मिळाली. अनोळखी हत्यार घेऊन ती माणसे थोड्याच दिवसांत खंदकांत गेली.

दुसऱ्या महायुद्धात जाड नळीची, बनवायला सोपी ‘नंबर चार’ आली. १९४४ची ‘जंगल कार्बाइन’ हलकी खरी, पण धक्का जबर आणि नेम टिकेना.

बंगालमधील इशापूरचा कारखाना मात्र स्वातंत्र्यानंतरही जुनीच घडण चालवीत राहिला. १९६२ साली आपले जवान हिमालयात चिन्यांपुढे उभे राहिले ते हीच बोल्टची रायफल घेऊन. त्यानंतर इशापूरने अधिक बळकट पोलादाची, ७.६२ मिलिमीटरची ‘टू-ए’ काढली. लीच्या बोल्टचे हे शेवटचे मोठे अपत्य.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती .३०३च होती. समोर एके-४७. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा नि पुन्हा नेम धरायचा, अशा हत्याराने त्यांनी तिथे प्रतिकार केला. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनी.