अंग बाहेर येण्यावरचं ऑपरेशन: रक्तस्रावाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकली की आपल्याकडे बायका ‘अंग बाहेर येतं’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं सोसतात. ऑपरेशनचं नाव निघालं की कुणी रक्तस्रावाच्या भीतीने मागे हटतं, तर कुणी काहीच न विचारता सही करतं. दोन्हींत नुकसान बाईचंच होतं.

गैरसमज: खालून केलेल्या ऑपरेशनमध्ये पोट फाडत नाहीत, म्हणून मोठ्या रक्तस्रावाचा धोका नसतो.

वस्तुस्थिती: योनीचा वरचा भाग काही वेळा ओटीपोटातल्या सॅक्रोस्पायनस या अस्थिबंधाला टाक्यांनी बांधतात. त्याच्या बाहेरच्या टोकामागून प्युडेंडल रक्तवाहिन्या जातात, वरच्या कडेजवळून नितंबाकडे जाणारी धमनी. त्यामुळे टाका त्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकापासून सुमारे २ सेंटिमीटर आत घेतात.

गैरसमज: दुर्बिणीतून केलं की रक्तवाहिन्या सुरक्षित राहतात.

वस्तुस्थिती: दुर्बिणीने बारकावे नीट दिसतात, पण जागा तीच राहते. सॅक्रोकॉल्पोपेक्सीत, म्हणजे योनीचा वरचा भाग जाळीने वर बांधण्याच्या ऑपरेशनमध्ये, जाळीचं एक टोक त्रिकास्थीच्या वरच्या, पुढे आलेल्या कडेला बांधतात. तिथे मधली सॅक्रल धमनी आणि शिरांचं जाळं असतं, डावीकडे मोठी इलियाक शीर. गर्भाशय टेपने वर बांधण्याच्या डॉ. शिरोडकरांच्या स्लिंगमध्येही टेप त्रिकास्थीच्या याच कडेला जाते. पुरंदरे पद्धतीत टेप पोटाच्या पुढच्या भिंतीला बांधतात, त्यामुळे या रक्तवाहिन्यांजवळ जावंच लागत नाही. कोणती पद्धत योग्य, हे मात्र वय, तक्रार आणि आधीची ऑपरेशनं पाहून ठरतं.

गैरसमज: रक्तवाहिनीला इजा झाली म्हणजे जीव वाचणं कठीण.

वस्तुस्थिती: पोटातून केलेल्या सॅक्रोकॉल्पोपेक्सीच्या २००४मधल्या एका आढाव्यात जास्त रक्तस्राव किंवा रक्त देण्याची वेळ येण्याचं मध्यक प्रमाण ४.४ टक्के होतं. बहुतेक वेळा दाब, टाके किंवा क्लिपने रक्त थांबतं. खोलवरच्या धमनीतून वाहत असेल, तर कॅथेटरने ती आतून बंद करता येते. मोठी शीर फाटणं दुर्मीळ, पण गंभीर. तेव्हा तयार रक्त आणि अनुभवी मदत जीव वाचवते.

गैरसमज: ऑपरेशननंतर बाहेर रक्त दिसत नाही, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती: रक्त आतही साचतं. नितंबात किंवा ओटीपोटात वाढत जाणारी कळ, घेरी, घाम, धडधड, लघवी अडणं यांपैकी काहीही जाणवलं, तर लगेच सांगा.

गैरसमज: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपणच आधी बंद कराव्यात.

वस्तुस्थिती: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांचा निर्णय सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून घेतात. स्वतः बंद केल्याने हृदयाला किंवा मेंदूला धोका होऊ शकतो.

सही करण्याआधी चार प्रश्न विचारा: माझ्यासाठी हीच पद्धत का? तुम्ही ही किती वेळा केली आहे? रक्ताची सोय आहे का? पेसरी (योनीत बसवायची आधाराची कडी) किंवा व्यायामाने भागेल का? हे विचारणं उद्धटपणा नाही, हक्क आहे. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरं देतो.